हाताने चालतो, पण रात्रीचा डेटाबेस बॅकअप फेल का होतो?

हिंजवडीतल्या ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर मायएसक्यूएलडम्प (मायएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणारं टूल) हाताने चालवला तर बॅकअप नीट होतो, रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) मात्र कनेक्शन मिळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

आधी लॉगमधला एरर नंबर बघा. १०४५ असेल तर टूल सर्व्हरपर्यंत पोचलंय, फक्त युजर किंवा पासवर्ड नाकारला गेलाय. मला हाच संशय जास्त आहे. पासवर्ड तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट माय डॉट सीएनएफ’ या सेटिंगच्या फाइलमध्ये असणार आणि क्रॉन जॉब रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य अॅडमिन युजरच्या) नावाने चालत असणार; तो ती फाइल रूटच्या होममध्ये शोधतो. बॅकअपसाठी वेगळा युजर करा, ‘डिफॉल्ट्स-फाइल’ हा पर्याय कमांडमध्ये सगळ्यात पहिला लिहून त्याच्या पासवर्ड-फाइलचा पूर्ण पाथ द्या, फाइलची परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. पासवर्ड थेट क्रॉनच्या ओळीत कृपा करून लिहू नका.

एरर २००२ आला तर सॉकेटचा (त्याच मशीनवरच्या प्रोग्रामना जोडणाऱ्या खास फाइलचा) पाथ तपासा. ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की क्लायंट सॉकेट फाइल शोधतो, १२७.०.०.१ लिहिलं की पोर्टवर जातो, बहुधा ३३०६. डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) असेल तर हा फरक हमखास नडतो. २००३ असेल तर सर्व्हिस चालू आहे का, मग फायरवॉल आणि बाइंड-अॅड्रेस (डेटाबेस कोणत्या पत्त्यावर कनेक्शन घेतो ती सेटिंग) हे तपासा.

कनेक्शन जुळल्यावर बॅकअपची फाइल एकदा टेस्ट डेटाबेसवर रिस्टोअर करून बघाच.