वीरगळमधला ‘गळ’ कुठला?

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या गावात देवळामागे एक कोरीव दगड आहे, त्याला वीरगळ म्हणतात. यातला गळ म्हणजे बगाडाला लावतात तो गळ का? तो वीरगळ की ती वीरगळ? आणि युद्धात बेपत्ता झालेल्या जवानाचं स्मारक गावात उभारलं, तर त्याला वीरगळ म्हणता येईल का?’

बगाडाचा गळ नव्हे, आणि मासे धरायचाही नव्हे. हा गळ कन्नड आहे. जुन्या कन्नडात दगडाला ‘कल्’ म्हणत, आज ‘कल्लु’ म्हणतात. समासात क चा ग होतो, म्हणून ‘वीरगल्’, ‘वीरगल्लु’, म्हणजे वीराचा दगड. मराठीत आल्यावर ल चा ळ झाला, त्यात नवल नाही. एकेरी ल चा आपल्याकडे ळ होतो (फल-फळ, बल-बळ) आणि जोड ल्ल चा साधा ल राहतो (गल्ल-गाल). तेव्हा हा शब्द जुन्या ‘कल्’वरूनच आला असावा, असं मला वाटतं. आपण जिला सतीशिळा म्हणतो, तिला कन्नडात ‘मास्तिकल्लु’ म्हणतात. महासतीची ‘मास्ति’ झाली, दगड तोच. गद्धेगळीचा, म्हणजे दानाच्या शापशिळेचा, गळ मात्र वेगळा असावा. तिथे दान मोडणाऱ्याला शिवीच कोरलेली असते आणि ‘गद्धेगाळ’ असंही म्हणतात, म्हणून माझा कल ‘गाळी’कडे आहे.

तो की ती? दोन्ही चालतं. दगड मनात असला की तो, शिळा मनात असली की ती. मी ‘ती’ म्हणतो, कारण अनेकवचनात ‘वीरगळी’ म्हटलं की एकापेक्षा जास्त आहेत हे लगेच कळतं.

आता तुमच्या देवळामागचा दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या वर लढाई. तिच्यावर अप्सरा त्याला हात धरून वर नेतात, आणि माथ्याच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला दिसतो. वर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती आचंद्रार्क. अप्सरा कशासाठी, याचं उत्तर कर्नाटकातल्या कित्येक वीरगळींवर कोरलेल्या श्लोकात आहे: ‘जितेन लभ्यते लक्ष्मीर्मृतेनापि सुराङ्गना’. जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर सुरांगना. दोन्हीकडून फायदाच! (शिपायांची भरती करणाऱ्यांचा हा जुना धंदा म्हणायचा.)

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळींवर अक्षर नसतं. नाव गेलं, कसा मेला तेवढं राहिलं. लढाईच्या चौकटीत गाई असतील तर गावची गुरं सोडवताना पडलेला. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळींवर तर वल्ह्यांची गलबतं आहेत. शिलाहार आणि यादवांच्या आरमारी झुंजीशी त्यांचा संबंध जोडतात. कन्नड मुलखात लेख कोरायची चाल जास्त. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला इसवी सन 949 च्या सुमाराची शिळा सापडली. ती रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याची आहे. धन्याचं नाव मनलेर. मान मिळायला माणूसच असावं लागतं असं नव्हतं.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. समाधी म्हटलं की खाली देह किंवा निदान अस्थी आहेत असं ऐकणारा धरून चालतो. वीरगळीला ते बंधन नाही. ती थडगं नव्हे, आठवणीचा दगड आहे. म्हणून ज्याचा देह घरी आला नाही, त्याच्यासाठी समाधीपेक्षा हा शब्द नेमका बसतो. अडचण दुसरीकडेच आहे. वीरगळीत वीर पडलेला दाखवतात, स्वर्गात पोचलेला दाखवतात. बेपत्ता माणसाच्या घरच्यांनी तसं मानलेलं असेलच असं नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. 1763 मध्ये वारल्या त्या सौभाग्याचं लेणं ठेवूनच. म्हणून आधी घरच्यांना विचारा. मृत्यू मानलेला असेल तर वीरगळ खुशाल म्हणा. नसेल तर पाटीवर नाव, पलटण आणि साल लिहून पुढे ‘बेपत्ता’ एवढंच लिहा. ‘हुतात्मा’, ‘शहीद’, ‘धारातीर्थी पडले’ यांतलं काहीही त्या घरावर लादू नका.