गाडीतला स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर घरच्या विजेवर कसा चालवायचा?

राउटरच्या अडॅप्टरवर डिस्प्ले लागतो, पण आवाज वाढवला की स्टिरिओ बंद पडतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे स्टिरिओ बहुधा ठणठणीत आहे, कमी पडतोय तो करंट. अडॅप्टर १२ व्होल्टचा असला तरी त्यावर १ किंवा २ अँपिअर छापलेलं असेल. ढोलाचा एक ठोका आला की मागणी त्याच्या कितीतरी वर जाते, व्होल्टेज कोसळतं आणि सेट बंद होतो.

म्हणून खरेदीआधी हिशेब करा. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर चार चॅनेलचा, प्रत्येकी ५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद), म्हणजे एकूण २०० वॉट. (खोक्यावरचे मोठ्या अक्षरातले ‘मॅक्स’ वॉट सोडून द्या.) तो क्लास एबी असेल (एबी आणि डी हे आतल्या सर्किटचे प्रकार) तर कार्यक्षमता साधारण ६० टक्के धरा: तो सुमारे ३३३ वॉट ओढेल, १३.८ व्होल्टला २४ अँपिअर. क्लास डी असेल तर वीज कमी वाया जाते, म्हणून १८ अँपिअरच्या आसपास. गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, तरी ठोक्यांसाठी जागा हवीच. त्यामुळे १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून १२ व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय) घ्या. एलईडी पट्ट्यांना लावतात तो, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला. नुसता स्टिरिओ वाजवायचा असेल तर १० अँपिअर पुरे.

टर्मिनलजवळ बहुतेकदा एक छोटा स्क्रू असतो. मल्टिमीटर लावून त्याने व्होल्टेज १३.८ पर्यंत नेता आलं तर न्या. इंजिन चालू असताना गाडीत साधारण तेवढंच असतं.

आता वायरी. स्टिरिओची पिवळी वायर मेमरीची, लाल चावीची, काळी ग्राउंड. पिवळी आणि लाल दोन्ही प्लसला जोडा. मी सुरुवातीला फक्त पिवळी जोडली होती आणि सेट बिघडला समजून तासभर शोधत बसलो होतो. निळी-पांढरी वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘रिमोट’ला जाते, तिच्याशिवाय तो जागा होत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला किमान ४ चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड वायर द्या आणि प्लसमध्ये फ्यूज ठेवा. स्पीकरची मायनस वायर मात्र ग्राउंडला कधीच जोडू नका, स्टिरिओचा आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जळू शकतो.

जुना कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पडून असेल तर तोही चालतो: हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो, १२ व्होल्ट पिवळ्या वायरींवर मिळतात. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते आधी बघा. दोन छोटे सप्लाय जोडून करंट दुप्पट करायचा विचार सोडा, भार सारखा वाटला जात नाही.

एका बाबतीत कृपया हयगय करू नका. या एसएमपीएसचे घरच्या विजेचे स्क्रू उघडे असतात. त्यावर झाकण बसवा, अर्थिंग जोडा, ११५/२३० चा स्विच असेल तर प्लग लावण्याआधी तो आपल्या विजेनुसार आहे ना, ते तपासा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा डबा उघडू नका. घरात बाळगोपाळ असतील तर हे सगळं बंद पेटीत, पण हवा खेळेल असं ठेवा.

जोडणी झाली की आवाज हळूहळू वाढवत अ‍ॅम्प्लिफायरच्याच टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. ठोक्यागणिक आकडा ११ व्होल्टच्या खाली जात असेल तर तोच एसएमपीएसच्या टोकाशीही मोजा. तिथे तो टिकून असेल तर वायर बारीक आहे, तिथेही पडत असेल तर सप्लाय लहान.