ऑनलाइन नकाशा रेखाटायचं टूल बनवतोय. लीफलेट घेऊ की ओपनलेयर्स? आणि नंतर अपडेट देणं सोपं असतं ना?

दोन्ही वेबपानावर नकाशा दाखवायच्या तयार कोडच्या लायब्ररी. त्यातली लीफलेट घ्या. हलकं आहे, साध्या मोबाईलवरही चालतं, बहुकोन काढायला लीफलेट-जिओमन हे जोडसाधन जोडा. वेगवेगळ्या प्रक्षेपणांतले (गोल पृथ्वी सपाट करायच्या वेगवेगळ्या पद्धतींतले) नकाशे लागणार असतील तरच ओपनलेयर्सच्या वाटेला जा. झालं तुमचं पहिलं उत्तर.

पण 'नंतर अपडेट देणं सोपं असतं ना' हे वाचलं आणि माझे चार गुंठे आठवले.

मी काही वर्षं साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्याचं ऊसनोंदीचं टूल सांभाळत होतो. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा ऊसनोंद घेणारा माणूस, बांधावर उभा राहायचा, उपग्रहाच्या चित्रावर प्लॉटचे कोपरे बोटानं टिपायचा, टूल गुंठे दाखवायचं आणि गट नंबरसकट नोंद व्हायची. टूल माझ्या आधीच्या कुणीतरी ओपनलेयर्सवर बांधलेलं. एक जुने चिटबॉय होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते एकदा म्हणाले, "सातबाऱ्याला एकर हाय, आन आपलं मशीन चव्वेचाळीस गुंठे सांगतंय. एकाचं न्हाई, समद्यांचंच वाढीव भरतंय."

आमच्या सरांना (माझे वरिष्ठ) विचारलं. ते हसले. "लोकांना बांध कोरायची खोडच असते. शेतात कोरतात तसा नकाशावरही कोरणार."

मला ते पटेना. बांध कोरणारा कोरतो तशी कोरून घेणाऱ्याची जमीन कमीही भरायला हवी. इथं सगळेच कोरणारे!

दोन रात्री कोड वाचला. क्षेत्रफळ काढायला ओपनलेयर्समधलं साधं गेटएरिया हे फंक्शन वापरलं होतं. ते प्रक्षेपणातलं, म्हणजे सपाट कागदावरचं क्षेत्रफळ देतं. आणि वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणात असतात, जे विषुववृत्तापासून लांब जाल तसं सगळं फुगवतं. साताऱ्याच्या अक्षांशावर ही फूग १० टक्के आहे, नागपूरला १५. म्हणजे ४० गुंठ्यांचे बरोब्बर ४४. अण्णांचा आकडा तंतोतंत. गोलावर मोजणारं फंक्शन त्याच लायब्ररीत शेजारीच पडलं होतं. एका ओळीची दुरुस्ती.

मी ती गुरुवारी संध्याकाळी केली, सर्व्हरवर चढवली आणि कुणाला न सांगता घरी जाऊन झोपलो.

शुक्रवारी शेतकी ऑफिसात जत्रा. "कारखान्यानं माझे चार गुंठे खाल्ले." गेल्या वर्षी लागणीची नोंद ४४, त्याच उसाच्या खोडव्याची या वर्षी ४०. एका आजोबांनी तर सातबाराच आणला. त्यावर एक एकर. शेतकी अधिकारी म्हणाले, "मग आता बरोबरच दाखवतंय की." आजोबा म्हणाले, "बरोबर असू दे. गेल्या साली होते ते चार कुठं गेले?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्याहून मोठा घोळ म्हणजे जुन्या प्लॉटचं क्षेत्र टूल उघडताना नव्यानं मोजायचं. म्हणून छापलेल्या पावतीवर एक आकडा, पडद्यावर दुसरा. शिव्या अण्णांनी खाल्ल्या, चूक शोधणारेही तेच.

सरांचं म्हणणं, "सगळ्यांचीच सारखी चूक असेल तर ती चूक कसली? चालू होतं ना? कशाला हात लावलास?" मी म्हटलं, सर, याच क्षेत्रावरून आपण हंगामाचा अंदाज काढतो, तोडणीच्या टोळ्या ठरवतो. दहा टक्के ऊस कागदावर आहे आणि फडात नाही. यावर ते म्हणाले, "बोटाची जाडीच दहा टक्के असते."

तर अपडेटबद्दल माझं मत. बदल गुपचूप करू नका, आणि लोक ओरडतील म्हणून चूकही ठेवू नका. काढलेल्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जपा. मोजलेला आकडा वेगळा साठवा, सोबत तो कुठल्या आवृत्तीनं मोजला तेही. जुनी पावती जुन्याच आकड्यानं उघडली पाहिजे. लोकांनी मिळून काढलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा पाहा: पॉटलॅच नावाचं त्यांचं रेखाटायचं साधन फ्लॅश या ब्राउझरच्या जुन्या प्लगइनवर होतं, २०१३ मध्ये ब्राउझरमध्ये थेट चालणारं 'आयडी' नावाचं साधन आलं, २०२० संपताना फ्लॅशच बंद पडलं. हात बसलेले लोक कुरकुरले, पण नकाशातली एक रेघ हलली नाही. बिंदू आणि रेघा एकीकडे, काढायचं साधन दुसरीकडे. आमच्या टूलमध्ये दोन्हीची खिचडी होती.

क्षेत्रफळाला टर्फ या लायब्ररीचं एरिया फंक्शन वापरा, ते गोलावरच मोजतं. उत्तर चौरस मीटरमध्ये येतं, १०१.१७ नं भागा की गुंठे. आणि लीफलेट अक्षांश आधी मागतं, जिओजेसन (नकाशाची माहिती साठवायचा फाइल-प्रकार) रेखांश आधी. अदलाबदल केलीत तर साताऱ्याचा ऊस नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात उगवेल. मी उगवलाय.

हे सगळं क्षेत्रफळावर पैसे किंवा हक्क अवलंबून असतील तेव्हाचं. ट्रेकच्या वाटा किंवा गणपती मंडळांचा नकाशा काढणार असाल तर एवढा जीव काढू नका. शिवाय असल्या टूलनं काढलेली हद्द म्हणजे मोजणी नव्हे. भावकीच्या वादात तो नकाशा कुणी पुढे केला तर तुमचं नाव त्यावर नसलेलं बरं.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर: बोटाचं तुमचं म्हणणं मी नंतर मोजून पाहिलं. २० गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याची बाजू साधारण ४५ मीटर, चारी बाजूंनी एकेक मीटर बाहेर गेलं की ९ टक्के वाढतात. म्हणजे तुमचा आकडा बरोबर होता. पण बोट कधी बांधाच्या बाहेर जातं, कधी आत. आपलं गेटएरिया कायम बाहेरच जात होतं.