दक्षिण कोरियातील शहरात राहताना परदेशी माणसाला तिथल्या नियमांचा जाच होतो का?

जाच होत नाही. पहिले काही महिने डोके मात्र उठते. मी नोकरीनिमित्त सुवोनमध्ये सहकुटुंब राहतो. घर, बस, दवाखाना हे सारे लवकर अंगवळणी पडले, वेळ लागला तो कचऱ्याला.

साधा कचरा शहराचे नाव छापलेल्या विकतच्या पिशवीतच टाकावा लागतो आणि ती पिशवी दुसऱ्या शहरात चालत नाही. खरकटे वेगळे. आमच्या संकुलातल्या पेटीपुढे कार्ड धरले की झाकण उघडते, आत टाकलेल्याचे वजन होते आणि त्याचे पैसे महिन्याच्या देखभाल खर्चात लागतात. हाडे, अंड्यांची टरफले, इतकेच काय आपल्या चहाचा चोथासुद्धा खरकट्यात चालत नाही.

माझे थोरले बंधू पुण्याहून आले असताना एका रात्री माझ्याबरोबर खाली उतरले. पेटीशेजारच्या नळापाशी तळमजल्यावरच्या आजी जाळीच्या पिशवीतली कोबीची पाने दोन्ही हातांनी पिळून पाण्याचा थेंबन्‌थेंब काढत होत्या. बंधू भारावले आणि ‘हे ह्यांच्या रक्तातच आहे, आपल्याकडे जन्मात व्हायचे नाही’ असा निकाल देऊन मोकळे झाले. मी म्हटले, दादा, पाण्याचेही वजन होते, आजी पैसे वाचवताहेत. ते त्यांना पटले नाही आणि आता घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात हा प्रसंग ते पुरावा म्हणून सांगतात.

रक्तबिक्त काही नाही. विकतच्या पिशवीची पद्धत देशभर १९९५ साली लागू झाली आणि ओला कचरा थेट जमिनीत पुरण्यावर २००५ साली बंदी आली, म्हणजे त्या आजींचे अर्धे आयुष्य ह्यावाचूनच गेले आहे. जिथे वजन होत नाही तिथे हीच माणसे कशी वागतात, हे शुक्रवारी रात्री सोलच्या होंगदे भागात पाहावे: रस्त्यावर कचरापेट्या मोजक्या, त्यामुळे अर्धवट प्यालेल्या कॉफीचे पेले दुकानांच्या कट्ट्यांवर ओळीने मांडलेले असतात.

तेव्हा येणार असाल तर पहिल्याच आठवड्यात पिशव्या आणि कार्ड मिळवा, आणि सुट्टीवर घरी गेल्यावर कोरियन माणसाच्या उपजत शिस्तीवर व्याख्यान देऊ नका. बोलायचेच असेल तर आपल्या महापालिकेने कचऱ्याचे पैसे वजनावर का घेऊ नयेत, ह्यावर बोला.

अर्थात हा सगळा अनुभव मोठ्या गृहसंकुलातला आहे. जुन्या गल्ल्यांतल्या एकखोली घरांपाशी वजनाची पेटी सहसा नसते. तिथे खरकट्यासाठीही पिशवी विकत घ्यावी लागते आणि ती दाराबाहेर ठेवण्याचे वार ठरलेले असतात, ते घरमालकाकडून आधीच विचारून घ्यावेत.