खंड रद्दीत द्यायचे का?

प्रश्न : आमचं तालुक्याचं जुनं वाचनालय आहे. पावसाळ्यात खोली गळते. १९५० नंतरच्या स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव खंड, गावोगावच्या स्मरणिका, कवी-कादंबरीकार बी. रघुनाथांची जुनी पुस्तकं असं बरंच आहे. कार्यकारिणी म्हणते, मोबाइलवर फोटो काढा, पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, कागद रद्दीत द्या. काय करावं?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आधी रद्दीवाल्याला परत पाठवा. शिवणीजवळची ओळ फोटोत कापली गेली, हे पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांनी कुणी वाचायला बसलं की कळतं. तेव्हा मूळ खंड लागतोच. शिवाय दाखल नोंदवहीतलं पुस्तक असं परस्पर काढता येत नाही, रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून अधिकृतपणे कमी, करावं लागतं.

स्कॅनिंग मात्र जरूर करा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत करून ठेवायला त्यात मुभा आहे. सर्वांसाठी खुली करणं ही वेगळी गोष्ट. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, ६० वर्षं हक्क राहतो. बी. रघुनाथ १९५३ साली गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं १ जानेवारी २०१४ पासून सर्वांचं आहे, ते बिनधास्त खुलं करा. साप्ताहिकांसाठी मालकांच्या वारसांना भेटा आणि लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे अशी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. आजोबांचं नाव पुन्हा वाचलं जाणार, याचं त्यांना अप्रूप असतं.

व्हॉट्सॲपवरची फाइल ज्याच्या फोनमध्ये आहे त्याचीच. औंढ्याच्या शाळेतल्या मुलीला ती कशी सापडणार? इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावर चढवा. १९९६ पासूनची ही संस्था पैसे घेत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तीसुद्धा काही दिवस बंद होती. एक प्रत वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी गावाबाहेरच्या एखाद्या कॉलेजात.

फोटो सकाळी ओसरीवर काढा, उन्हाची तिरीप पानावर येऊ देऊ नका. खंड सपाट दाबू नका, जुनी शिवण तुटते. दोन्ही बाजूंना उश्या देऊन अर्धवटच उघडा आणि पानाखाली काळा कागद सरकवा, म्हणजे मागची अक्षरं उमटत नाहीत. फाइलला साप्ताहिकाचं नाव, वर्ष, महिना, अंक एवढं द्याच. ‘स्कॅन ००१७’ नावाची फाइल कुणालाच सापडत नाही.

सुरुवात पुस्तकांपासून करू नका, ती दुसरीकडे मिळू शकतील. आधी स्मरणिका घ्या. शाळेच्या, यात्रेच्या, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांच्या सत्काराच्या. दोनशे-तीनशे प्रती निघालेल्या असतात आणि कुणी जपत नाही. तुमच्या कपाटातली प्रत कदाचित शेवटची असेल. त्यातही कसर किंवा वाळवी लागलेल्या प्रती आजच वेगळ्या काढा, बाकीचं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल.