प्रार्थना झाली, आता पहारा

चिरंजीवास प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा उपासना संपल्यावर तुझे पवित्र शास्त्र क्षणभर माझ्या हातात आले, तेव्हा स्तोत्र ९१ च्या पानात खूण म्हणून घातलेला आरोग्य विम्याचा अर्ज मला दिसला. त्यावर तुझे आणि आईचे नाव लिहिलेले होते, पुढचे सगळे कोरे. विमा काढणे म्हणजे देवबापावर अविश्वास दाखवणे आहे, असे मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तुला सांगितले आणि दोन महिने तू तिथेच अडलास. दारात गर्दी होती म्हणून मी गप्प बसलो, पण नंतर घरी जाऊन चिडलो. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त.

देवदूत तुला हातांवर झेलतील, हे त्याच स्तोत्रातले वचन अरण्यातल्या परीक्षेत ‘मंदिराच्या टोकावरून उडी टाक’ म्हणताना सैतानाने प्रभू येशूला ऐकवले होते, हे तू विसरलास काय? येशूने वचन खोटे ठरवले नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते एवढेच सांगितले आणि मंदिराच्या टोकावरून उडी मारली नाही. नहेम्याने यरुशलेमेचा तट बांधताना शत्रूच्या भीतीने देवाची प्रार्थना केली आणि त्याच दमात रात्रंदिवस पहारा बसवला. शास्त्रात या दोन गोष्टी एकाच वाक्यात आहेत. प्रार्थना झाली की पहारा लावायचा.

अक्कलकोट रस्त्याला माझी आठ यंत्रमागांची शेड होती, हे तू ऐकले असशील. ती कशी गेली, ते मी मंडळीत कधी साक्ष म्हणून सांगितलेले नाही. मेन बोर्डातल्या वायरी भाजल्या आहेत, बोर्ड बदला, असे वायरमनने मला दोनदा बजावले होते. टॉवेलाच्या मागांवर तूस किती उडतो आणि तो किती झटकन पेटतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी काय केले, तर बोर्डाच्या पत्र्याच्या दारावर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असा स्टिकर चिकटवला. आग रात्रपाळीत लागली. दोघे कामगार बाहेर पडले, पण सूत सोडवायला गेलेल्या एकाचे हात भाजले आणि त्या बोटांना पुन्हा तुटल्या धाग्याची गाठ मारता आली नाही. विश्वास माझा होता आणि हात त्याचे भाजले. सकाळी पत्र्यावर स्टिकरच्या जागी काळा चौकोन तेवढा उरला होता.

बोर्डासाठी ठेवलेले पैसे मी त्या वर्षी चर्चच्या छपराला दिले होते. ती देणगी चुकली, असे मी आजही म्हणणार नाही आणि दुसऱ्या कोणी म्हटले तर मला राग येतो. छप्पर गळत होते आणि पुढे यायला कोणी तयार नव्हते. मात्र वायरमन दोन हप्त्यांत पैसे घ्यायला राजी होता, हेही खरे आहे, आणि ते मी बायकोलासुद्धा बऱ्याच वर्षांनी सांगितले.

तू म्हणशील, देवाने अभय दिले असेल तर पहाऱ्याची गरज काय? प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ पुन्हा वाच. वादळात सापडलेल्या तारवावर २७६ माणसे होती आणि एकाचाही जीव जाणार नाही, हे देवदूताने पौलाला आधीच सांगितले होते. तरीही खलाशी होडी सोडून पळू लागले, तेव्हा हे तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असे त्याच पौलाने शताधिपतीला बजावले आणि शिपायांनी होडीचे दोर कापले. अभय मिळालेल्या माणसाने पहारा लावला, तो असा. केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी मुक्ती मिशन प्रार्थनेच्या बळावर चालवले, पण दुष्काळात विहिरीही खोदून घेतल्या आणि मुलींच्या हाताला विणकाम, छपाई असे उद्योग दिले. फार लांब कशाला जायचे? सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून तुझी आई पहाटे उठून पिंपे भरते. त्यात अविश्वास आहे, असे त्या वडीलधाऱ्यांनी तिला कधी सांगितले काय? त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत.

आता कामाचे. आईला साखरेचा आजार आहे हे अर्जात स्पष्ट लिही. हप्ता वाढेल म्हणून लपवलेस, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो, आणि खोटे लिहून घेतलेल्या संरक्षणावर प्रभूचा आशीर्वाद मागायला तुझी जीभ कशी रेटेल? आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते आणि ते महिने पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजले जातात. म्हणजे शास्त्राच्या पानात गेलेले तुझे दोन महिने कशातच धरले जाणार नाहीत. आईचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव.

रविवारी उपासनेनंतर थांब. अर्ज भरून आण; सही करण्याआधी आपण दोघे प्रार्थना करू, आणि मग मला तो एकदा वाचून दाखव, कारण बारीक अक्षर आता मला दिसत नाही.

तुझा,
काका