क्लाइंबिंग पार्टनर कसा शोधायचा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पाऊस संपला की दरवर्षी हेच प्रश्न येतात, शब्द बदलतात पण घोळ तोच. रविवारी पहाटे उठून आपल्याबरोबर यायला जो तयार तो पार्टनर, असं लोक धरून चालतात. तुम्ही पडलात की रोप धरणारा माणूस तो, त्यामुळे निवड त्या हिशोबाने करायची असते.

प्रश्न: ठाण्यात नवीन आलोय, ओळखीत कोणीच क्लाइंबिंग करत नाही. सुरुवात कुठून करू?

क्लबपासून. मुंबईत गिरिविहार आहे, पुण्यात गिरिप्रेमी आहे, तुमच्या जवळ कुठली संस्था चालू आहे ते अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाकडे विचारा. एक बेसिक रॉक क्लाइंबिंग कोर्स करा, त्याच बॅचमध्ये तुमच्यासारखेच पार्टनर शोधणारे चार जण भेटतील. तोवर बोल्डरिंग करा, म्हणजे कमी उंचीच्या दगडांवर चढा, तिथे रोप नसतो, क्रॅशपॅड म्हणजे खाली टाकायची जाड गादी आणि नीट स्पॉटिंग करणारं, म्हणजे पडताना सावरणारं माणूस लागतं, आणि कोण लक्ष देतं, कोण मोबाईलमध्ये असतं हे तिथे लगेच दिसतं.

प्रश्न: पार्टनरकडे ग्रिग्री आहे. मग हात सोडला तरी चालतं ना?

नाही. ग्रिग्री हे रोप अडकवायला मदत करणारं डिव्हाइस आहे, पण ब्रेकचा हात, म्हणजे डिव्हाइसमधून बाहेर येणारा रोप धरणारा हात, कधीच सुटत नाही, डिव्हाइस कुठलंही असो.

प्रश्न: इन्स्टावर एक जण भेटलाय. लिंगाणा, वजीर, तैलबैला सगळं झालंय त्याचं, फोटो पण आहेत. नागफणीच्या कड्यावर लीड करू, म्हणजे आधी चढत रोप वर नेऊ, म्हणतो. जाऊ का?

आत्ता नाही. आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे.

सुळक्याच्या माथ्यावरचा फोटो बघून त्या माणसाला बिले देता येतो की नाही, म्हणजे खालून रोप सांभाळून पडणाऱ्याला धरता येतं की नाही, हे कळत नाही. हल्ली इव्हेंटवाले पन्नास-पन्नास लोक सुळक्यावर नेतात. रोप आधीच फिक्स केलेला असतो, हार्नेस दुसऱ्याने घालून दिलेला, जुमार, म्हणजे रोपवर फक्त वर सरकणारं साधन, लावून वर जायचं, फोटो काढायचा आणि रॅपल करून, म्हणजे रोपवरून उतरत, खाली यायचं, की झालं, हातात सर्टिफिकेट. जाहिरातीत याला बेधडक 'क्लाइंबिंग एक्सपीडिशन' म्हणतात. त्यात त्या पोराने एकदाही कोणाला बिले दिलेला नसतो, आणि आपल्याला क्लाइंबिंग येतं असं त्याला मनापासून वाटत असतं. खोटं तो बोलत नाहीये, ज्यांनी पैसे घेऊन हा समज विकला त्यांचा मला राग येतो.

त्याला सरळ विचारा: शिकलास कोणाकडे? लीड फॉल, म्हणजे लीड करताना पडलेला माणूस, धरलायस का, कोणाचा? ज्यांच्याबरोबर चढलास त्यातल्या एकाचा नंबर दे. खरा क्लाइंबर या प्रश्नांनी चिडत नाही, तो तुम्हालाही हेच विचारतो. चिडला तर विषय संपला.

मग त्याला एखाद्या क्लाइंबिंग वॉलवर किंवा मुंब्र्याला सोप्या रूटवर घेऊन जा, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी बिले देत असताना नुसतं बघत उभे राहा, मागे अजून एकाचा हात ब्रेकच्या रोपवर बॅकअपला ठेवून. रोप आत ओढताना त्याचा ब्रेकचा हात रोपवरून सरकतो की क्षणभर उचलला जातो? बरेच जण हात बदलताना रोप सोडतात, अर्धा सेकंदच, पण पडायला तेवढा पुरतो. लीडरने पहिल्या एक-दोन बोल्टमध्ये, म्हणजे कातळात ठोकलेल्या खुंट्यांत, रोप अडकवलेला असताना हा कातळाजवळ उभा आहे की मागे जाऊन दगडावर बसलाय? खाली ढिल्या रोपचा झोळ लोंबतोय का? नजर वर आहे का? हेल्मेट घातलंय का, कारण आपल्या सह्याद्रीत दगड सुटतात आणि ते बिलेयरच्याच डोक्यावर येतात.

आणि चढण्याआधी एकमेकांचं चेकिंग, दर वेळी. हार्नेसचं बकल, फिगर ऑफ एटची गाठ हार्नेसच्या दोन्ही लूपमधून गेलीये का आणि पूर्ण परत फिरवलीये का, कॅरॅबिनरचा स्क्रू बंद आहे का, रोपच्या मोकळ्या टोकाला गाठ आहे का. हे डोळ्यांनी बघायचं आणि हात लावून बघायचं. "आम्ही जुने आहोत, आम्हाला नाही लागत" हे ऐकून माझे कान किटलेत. लिन हिल, जगातली अव्वल क्लाइंबर, 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे गाठ बांधायला सुरुवात केली, मध्येच बूट बांधायला थांबली आणि गाठ अर्धवटच राहिली. वर पोचून तिने रोपवर भार टाकला आणि वीसेक मीटर खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. बघायला दोन सेकंद लागले असते.

नागफणीसारख्या मल्टिपिचला, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायच्या रूटला तर वाऱ्यात एकमेकांचा आवाजही येत नाही, कुठल्या हाकेला काय करायचं हे खाली असतानाच ठरवावं लागतं. त्यामुळे आधी काही महिने सिंगल पिचवर, म्हणजे एकाच टप्प्याच्या रूटवर, एकत्र चढा, मग दोघांनी मिळून क्लबच्या इन्स्ट्रक्टरला दाखवा, तो हो म्हणाला तर जा.

प्रश्न: माझं वजन 52, पार्टनरचं 84. जमेल का?

जमेल, पण असंच नाही. तो पडला की तुम्ही कातळाकडे खेचल्या जाल, नाहीतर वर उचलल्या जाल. ग्राउंड अँकर, म्हणजे बिलेयरला जमिनीशी बांधून ठेवणं, किंवा पहिल्या बोल्टला लावायचं, रोपवर घर्षण वाढवणारं ओमसारखं डिव्हाइस वापरतात, पण कुठे काय लावायचं ते इन्स्ट्रक्टरकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

प्रश्न: मी एकटी मुलगी, पार्टनर अनोळखी पुरुष. घरचे नाही म्हणतात.

घरच्यांचं बरोबर आहे. पहिल्या भेटी क्लबच्या सेशनलाच, जिथे बाकी लोक असतात. दोघांनीच आडबाजूच्या कड्यावर जायचं नाही. कुठे चाललोय, कधी परत येणार हे घरी सांगून जा, आणि "यात काय एवढं" म्हणत जो तुमच्या अटी उडवून लावतो तो उद्या चेकिंगही उडवून लावेल, त्याला सोडा. क्लबमधल्या सीनियर मुलींशी बोला, कोणाबरोबर चढावं आणि कोणाबरोबर नाही हे त्या स्पष्ट सांगतात.

प्रश्न: पार्टनरकडे जुना रोप आहे, "गाडी ओढली तरी तुटणार नाही" म्हणतो. नवीन घ्यायलाच हवा का?

गाडी ओढणारा रोप लीडला कशाला हवाय? लीडला डायनॅमिक रोप लागतो, तो ताणला जातो आणि पडल्याचा झटका स्वतः खातो. रॅपलिंगचा स्टॅटिक रोप जवळजवळ ताणलाच जात नाही, सगळा झटका तुमच्या कमरेला आणि अँकरला बसतो. टोकाचं लेबल बघा, ईएन 892 म्हणजे डायनॅमिक, ईएन 1891 म्हणजे स्टॅटिक. लेबलच नसेल, कधीचा आहे माहीत नसेल, तर लीडला नाहीच. बहुतेक कंपन्या न वापरलेल्या रोपलाही दहाच वर्षं देतात. "सेकंड हँड, एकदाच वापरलेला" असल्या जाहिरातींना भुलू नका. लेबल असलं तरी पूर्ण रोप हातातून सरकवत क्लबमध्ये तपासून घ्या.

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी बारीक होल्ड क्रिंप करताना, म्हणजे बोटं दुमडून धरताना, अनामिकेत टक्‌ आवाज झाला, अजून सूज आहे. पार्टनर म्हणतो टेप लावून चढ. चढू का?

नाही. हे टेंडनला हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं, पुलीचं दुखणं असू शकतं, आणि तीन आठवडे तुम्ही कशाची वाट बघत होतात मला कळत नाही. हाताच्या डॉक्टरांना किंवा ऑर्थोपेडिकना या आठवड्यातच दाखवा, आवाज आला होता हे आवर्जून सांगा, सोनोग्राफी लागेल का विचारा. तोवर क्लाइंबिंग बंद. पार्टनरला बिले मात्र डॉक्टर हो म्हणाले तरच द्या, कारण दुखऱ्या बोटाने रोप नीट धरला जात नाही.